निवडक संगीत : दार आणि घर

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या या सभेत मी संगीतावर चार शब्द बोलावे, अशी समितीची आज्ञा झाली. मी गवई नव्हे, वादकही नव्हे. सेमिनरीत प्रत्येक विद्यार्थ्यास स्वरलिपीचे जे जुजबी शिक्षण मिळते, तेवढेच काय ते माझ्या पदरी आहे. तेव्हा हे शास्त्रज्ञाचे विवेचन न समजता एका श्रोत्याने इतर श्रोत्यांशी केलेले हितगुज समजावे, ही विनंती.

सेमिनरीत आम्हांला एक वयोवृद्ध धर्मगुरू होते. त्यांच्यापाशी 'जगप्रसिद्ध संगीतातील निवडक रचना' अशा स्वरूपाचा एक तबकड्यांचा संग्रह होता. रविवारी रात्रीचे जेवण आटोपले की ते आम्हां पाच-सात जणांस खोलीत बोलावीत आणि एकच रचना दोनदा ऐकवीत. पहिल्या वेळी काही बोलावयाचे नाही. दुसऱ्या वेळी मात्र ते विचारीत, "मघाशी न ऐकलेले असे आता काय ऐकलेस?" आरंभी आम्ही निरुत्तर होत असू. वर्षअखेरीस आमच्यांतील एका शेतकऱ्याच्या मुलास चार आवाजांतील सर्वांत खालचा आवाज निराळा ऐकू येऊ लागला, तेव्हा त्या वृद्ध गुरूंच्या डोळ्यांत पाणी उभे राहिलेले मी पाहिले आहे.

अशा निवडक संग्रहांस जाणकार मंडळी नाके मुरडतात. त्यांचे आक्षेप दोन. पहिला असा की, मोठ्या रचनेतील एखादा गोड तुकडा कापून ऐकविणे म्हणजे वृक्ष न दाखविता फूल हाती देणे होय. दुसरा आक्षेप आपल्यांतीलच पुष्कळांचा आहे. तो असा की, हे संगीत परक्यांचे, दरबारातले, धनिकांचे. मांजर्लीसारख्या ठिकाणी, जेथील कर्ते स्त्रीपुरुष पहाटेच्या लोकलने मुंबईस जातात आणि दिवेलागणीनंतर थकून परततात, तेथे त्याचे काय प्रयोजन? या दुसऱ्या आक्षेपाचा विचार प्रथम करू.

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. तिच्यापासून काही कोसांवर बाडेन नावाचे गाव आहे. महानगराच्या आसऱ्याने असलेले हे लहान गाव. मुंबई आणि आपले बदलापूर यांचे जे नाते, तसेच काहीसे त्यांचे. तेथील धर्मग्राम-चर्चमध्ये आन्टोन श्टोल नावाचे एक गृहस्थ गायकवृंदाचे प्रमुख होते. मोझार्टची पत्नी प्रकृतीसाठी बाडेनच्या उष्ण झऱ्यांवर जात असे आणि तिच्या बिऱ्हाडाची व्यवस्था पाहण्यात या श्टोलमहाशयांचे साहाय्य होई. १७९१ च्या जून महिन्यात, ख्रिस्तशरीराच्या सणाच्या सुमारास, मोझार्टने त्यांच्या गायकवृंदासाठी 'आवे वेरुम कॉर्पुस' या प्राचीन लॅटिन स्तोत्रास चाल दिली. सगळी मिळून ४६ मात्राखंडांची रचना. गावयास तीन-चार मिनिटे पुरतात. गावातील गायकांच्या आवाक्याबाहेर जाईल असा एकही सूर तीत नाही. त्याच वर्षी ५ डिसेंबर रोजी मोझार्ट निवर्तला. आज जगातील बहुतेक प्रत्येक निवडक संग्रहात जी रचना आढळते, ती दरबारासाठी नव्हे, तर आपल्यासारख्या एका धर्मग्रामासाठी लिहिलेली होती!

दुसरे उदाहरण बाखचे. हा लूथरन पंथाचा संगीतकार १७२३ साली जर्मनीतील लाइपझिग शहरी चर्चच्या सेवेत रुजू झाला. जवळजवळ दर रविवारी आणि सणावारी नवी रचना सादर करावयाची, शाळेतल्या मुलांकडून ती बसवून घ्यावयाची, शिवाय मुलांना शिकवावयाचे, असे ते काम. त्या पहिल्याच वर्षी २ जुलै रोजी, पवित्र मारियेने एलिझाबेथेची भेट घेतल्याच्या सणास, त्याने जे संगीत सादर केले, त्यात एक संथ समूहगीत आहे. 'येशू, मानवाचा आनंद' अशा अर्थाच्या नावाने ते आज विवाहप्रसंगी जगभर वाजविले जाते. ज्याला आपण अजरामर कलाकृती म्हणतो, ते एका चाकरमान्याचे त्या आठवड्याचे काम होते.

तिसरे उदाहरण तर आपल्या आजच्या प्रसंगास अगदी साजेसे आहे. व्हिएन्नाच्या लिख्टेन्टाल उपनगरातील धर्मग्राम-चर्चचा शतसांवत्सरिक उत्सव १८१४ साली साजरा झाला. त्या चर्चच्या गायकवृंदप्रमुखाने एका शाळामास्तराच्या मुलास लहानपणी गाणे शिकविले होते. उत्सवासाठी त्या मुलाने आपली पहिली मिस्सा रचली आणि तेथेच ती गाइली गेली. मुलाचे नाव फ्रान्झ शूबर्ट, वय वर्षे सतरा. पुढे १८२५ साली त्याने जे 'आवे मारिया' रचले, ते आपल्यांतील कित्येकांनी लग्नाच्या मिस्सेत ऐकले असेल. धर्मग्रामाने एका मुलास सुरांची ओळख करून दिली आणि त्या मुलाने ते ऋण सव्याज फेडले.

आता कोणी म्हणेल, ही सर्व उदाहरणे सातासमुद्रापलीकडची. तर जवळ येऊ. गोव्याच्या धर्मग्रामशाळांतून मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलेखनही शिकविले जाई. माजोर्डा गावच्या चर्चमधील गायकवृंदप्रमुखाचा मुलगा, अँथनी गोन्साल्विस, व्हायोलिन शिकून मुंबईस आला, सिनेमाच्या वाद्यवृंदांत नावाजला आणि पुढे प्रसिद्धीस आलेल्या प्यारेलाल यांचा गुरू झाला. अशा वादकांच्या द्वारे ते संगीत आपल्या कानांवर केव्हाचेच पडलेले आहे. 'छाया' या १९६१ च्या चित्रपटात सलील चौधरी यांनी तलत महमूद व लता मंगेशकर यांच्याकडून जे 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा' गाऊन घेतले, त्याचा आरंभ मोझार्टच्या १७८८ सालच्या चाळिसाव्या सिंफनीतून घेतलेला आहे. ज्याला आपण परके म्हणतो, ते आपल्या आजीआजोबांनी रेडिओवर ऐकून गुणगुणलेले आहे.

आणि अभिजात संगीत म्हणजे केवळ पाश्चात्त्यच, असेही कोणी समजू नये. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने १६१६ साली छापलेले क्रिस्तपुराण हे ओवीबद्ध आहे. आपल्या पूर्वजांनी तारणाची कथा ऐकली ती मराठी ओवीच्या लयीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात पवित्र संगीतास अमोल ठेवा म्हटले आणि ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, तिला योग्य मान द्यावा असेही बजाविले. तेव्हा आपल्या संग्रहात भैरवी आणि बाख शेजारी शेजारी बसल्यास बिघडत नाही.

तसे ते एकदा बसलेही आहेत. अमेरिकेने १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात धाडली. सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी त्यांवर बसविलेली आहे आणि तीत साऱ्या पृथ्वीवरून निवडलेल्या २७ रचना आहेत. बाखच्या तीन, बेथोव्हेनच्या दोन, मोझार्टची एक. आणि हिंदुस्थानातून एकच, गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी गाइलेली 'जात कहाँ हो' ही भैरवी. केसरबाईंनी अल्लादियाखाँसाहेबांपाशी वर्षानुवर्षे कठोर मेहनत केली होती. दुसरे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले आणि १६ सप्टेंबरास केसरबाईंनी इहलोक सोडला. याहून अधिक 'सामान्य श्रोत्यांसाठी' असा संग्रह कोणता असेल? तो कोण ऐकणार, हेही ठाऊक नसता तो सिद्ध झाला.

येथे पहिल्या आक्षेपाकडे वळतो. केसरबाईंची ती भैरवी साडेतीन मिनिटांची. मैफिलीत एकेका रागास त्या पुष्कळ अधिक वेळ देत. मग साडेतीन मिनिटांत श्रोत्याच्या हाती काय लागणार? याचे उत्तर एका मुलाच्या चरित्रात आहे. गदगच्या एका मुलाने अब्दुल करीमखाँसाहेबांची 'पिया बिन नहीं आवत चैन' ही झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकली. त्या काळची तबकडी एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेच वाजे. परंतु ते सूर ऐकून मुलास घरी चैन पडेना. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो गुरूच्या शोधार्थ घराबाहेर पडला. ठिकठिकाणी वणवण केली आणि अखेरीस करीमखाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी राहून शिकला. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. आपल्या गुरूच्या स्मरणार्थ पुण्यास जो सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून भरू लागला, तो त्यांच्याच पुढाकाराने.

बंधूंनो, निवडक संग्रह हे दार आहे; घर नव्हे. दारातच बसून राहणाऱ्यास घर कळत नाही, हे जाणकारांचे म्हणणे खरे. परंतु दारच नसेल तर आत जावे कसे? भीमसेनांना ती तबकडी दार झाली, कारण ते तिच्यापाशी थांबले नाहीत.

तेव्हा ज्यांना आरंभ करावयाचा आहे, त्यांस माझी सूचना अशी. आठच रचना घ्याव्यात. बाखचे ते समूहगीत. पेशाने संगीतकार आणि दीक्षेने धर्मगुरू असलेल्या विवाल्डीच्या 'ऋतुचक्रा'तील वसंताचा पहिला भाग. हँडेलच्या, १७४२ साली डब्लिनमध्ये प्रथम सादर झालेल्या 'मसीहा'तील हालेलुया. मोझार्टचे 'आवे वेरुम'. त्याच्याच चाळिसाव्या सिंफनीचा पहिला भाग. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा पहिला भाग. शूबर्टचे 'आवे मारिया'. आणि शेवटी, मैफिलीच्या रिवाजाप्रमाणे, केसरबाईंची भैरवी. एका दिवशी एकच ऐकावी, दोनदा ऐकावी. त्या वेळी हातात दुसरे काम असू नये. मग स्वतःस विचारावे, मघाशी न ऐकलेले असे आता काय ऐकले?

आता ज्या कारणास्तव मी हा विषय निवडला, ते सांगतो. महोत्सवनिधीतील शिल्लक रकमेतून चर्चसाठी नवा, मोठा ध्वनिवर्धक संच घ्यावा आणि गायकवृंद रोडावला असल्यामुळे मिस्सेत ध्वनिमुद्रित गीते लावावीत, अशी एक सूचना समितीपुढे आली आहे. सुचविणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. तथापि हा प्रयोग मी पूर्वी केला आहे आणि त्याचे फळ सांगणे माझे कर्तव्य आहे.

काही वर्षांपूर्वी मी अन्य एका धर्मग्रामात होतो. तेथील पेटी वाजविणारे गृहस्थ बदलीमुळे निघून गेले. दुसरा माणूस शोधण्याचे व मुले तयार करण्याचे कष्ट मी टाळले आणि गीते यंत्रावर लावण्याची सोय केली. यात उपासनेच्या नियमाची पायमल्ली होत आहे, हे मला ठाऊक होते. सूर निर्दोष, ताल बिनचूक. आरंभी लोक यंत्राबरोबर गुणगुणत. पुढे पुढे ओठ तेवढे हलत. सहा महिन्यांनी चर्चमध्ये यंत्राखेरीज कोणीही गात नव्हते. एके दिवशी मिस्सेनंतर एक वृद्ध मावशी सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन म्हणाल्या, "फादर, आता आमची गरज नाही उरली का?" मला उत्तर देता आले नाही. ते यंत्र मी बंद केले. पण एकदा मिटलेला गळा पुन्हा उघडावयास दोन वर्षे लागली. जे यंत्र दार होऊ शकते, त्याचेच कुलूप मी केले होते.

म्हणून माझी विनंती अशी की, जुना संच दुरुस्त करून घ्यावा आणि ती रक्कम एका संगीतशिक्षकाच्या दोन वर्षांच्या मानधनासाठी राखून ठेवावी. त्याने मुलांस पेटी, व्हायोलिन आणि गायन शिकवावे; मुले कोणत्याही धर्माची असोत, मांजर्लीची असली म्हणजे पुरे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सायंकाळी याच सभागृहात अर्धा तास आपण एकत्र बसून एक रचना दोनदा ऐकू. संग्रहाची आणि चहाची व्यवस्था माझ्याकडे.

निर्णय समितीचा व आपणा सर्वांचा आहे. तो विरुद्ध गेला तरी मी तो आदराने स्वीकारीन. मात्र निर्णय घेताना बाडेनचे ते श्टोलमहाशय मनात आणावेत. त्यांनी स्वतः कोणतीही जगप्रसिद्ध रचना केली नाही. त्यांनी एवढेच केले की, आपल्या गावचा गायकवृंद गाता ठेवला. तो गात नसता, तर मोझार्टने ते स्तोत्र कोणासाठी लिहिले असते?

ज्या प्रभूने आपणांस कंठ दिला, तो आपले कान आणि आपली मने उघडी ठेवो, आणि पुढील महोत्सवात आपल्याच मुलांचे सूर या वेदीपाशी घुमोत, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.