मंडालेचा राजा, रत्नागिरीचा बंदी

रत्नागिरीचा थिबा राजवाडा शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तो वस्तुतः बंदिवास होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. सहल नेणाऱ्या शिक्षकांनी ते अवश्य सांगावे.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले. निमित्त होते एका इंग्रज सागवान कंपनीस झालेल्या दंडाचे. युद्ध जेमतेम दोन आठवडे चालले. १ जानेवारी १८८६ रोजी ब्रह्मदेशचे ते राज्य खालसा झाले. राजा थिबा व राणी सुपयालत यांना मद्रासमार्गे, त्याच वर्षी, रत्नागिरीस आणण्यात आले. पदच्युत राजास प्रजेपासून समुद्रापार ठेवावयाचे, ही साम्राज्याची ठरलेली रीत. बहादूरशहा जफर याच रीतीने दिल्लीहून रंगूनला गेले होते.

पुढे १९०८ साली लोकमान्य टिळकांना शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेच्या तुरुंगात झाली. हा तुरुंग थिबांच्याच किल्ल्यात होता, आणि त्या वेळी थिबा टिळकांच्या जन्मगावी कैदेत होते!

राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला. १९१६ मध्ये थिबा रत्नागिरीतच वारले. राणी १९१९ मध्ये मायदेशी परतली, परंतु मंडालेस नव्हे, रंगूनला. थोरल्या राजकन्येने रत्नागिरीच्या एका साध्या नोकरदाराशी संसार मांडला. तिची मुलगी हलाखीत वाढली. मराठी हीच तिची भाषा झाली.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन यांनी रत्नागिरीस येऊन थिबांच्या समाधीचे दर्शन घेतले. समाधी अद्याप येथेच आहे.