भूल उतरताना

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा संक्षेप. वक्ते आपल्याच सोसायटीतले निवृत्त भूलतज्ज्ञ आहेत.)

जिन्यात भेटलं की हमखास विचारतात, ‘डॉक्टर, ऑपरेशन झालं, पेशंट बोलायला लागला, मग तो ऑक्सिजनचा मास्क अजून कशाला?’ आज त्याचंच उत्तर देतो.

देवघरात उदबत्ती लावली की वास बाहेरच्या खोलीत येतोच. दाटीकडून विरळाकडे जाणं हा वायूचा स्वभाव. फुप्फुसात सुमारे 30 कोटी वायुकोश असतात. उलगडून पसरले तर 70 चौरस मीटर, म्हणजे आपला एखादा टू-बीएचके! वायुकोश आणि रक्त यांच्यातला पडदा एका मायक्रॉनहून पातळ. वायुकोशात ऑक्सिजनचा दाब सुमारे 100 मिलिमीटर, तिथे येणाऱ्या रक्तात 40. या फरकामुळेच ऑक्सिजन रक्तात सरकतो, त्याला ढकलणारा दुसरा पंप नाही. (देवळालीच्या हवेत ऑक्सिजन जास्त, असं आपण पाहुण्यांना सांगतो. प्रमाण मुंबईतही 21 टक्केच. आपली हवा स्वच्छ आहे, एवढं म्हणा.)

फुप्फुसं आजारी झाली की साध्या हवेने तो फरक पुरत नाही. 21 एप्रिल 2021 ला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागली, ऑक्सिजनचा पुरवठा तुटला आणि 22 रुग्ण गेले. आपण ज्या हवेवर जगतो, ती त्यांना पुरणारी नव्हती.

आता भूल. 1846 साली बोस्टनमध्ये मॉर्टनने इथर देऊन दाखवला. इथर रक्तात भरपूर विरघळतो. मग भूल लवकर चढेल असं वाटतं ना? उलट, उशिरा चढते! मेंदूवर परिणाम वायूच्या दाबाचा होतो. पहिला पाऊस तापलेली जमीन पिऊन टाकते, ती भिजल्याशिवाय ओढा वाहत नाही, तसं रक्त इथर पीत राहतं आणि दाब हळूहळू वाढतो. नायट्रस ऑक्साइड रक्तात त्या मानाने कमी विरघळतो, म्हणून झटकन चढतो आणि झटकन उतरतो.

खरी गोम उतरतानाच आहे. नायट्रस बंद केला की अंगातला साठा लोटच्या लोट वायुकोशात परततो. तिथे त्याची गर्दी झाली की ऑक्सिजन विरळ होतो. पेशंट डोळे उघडतो, नाव सांगतो, आणि नेमका तेव्हाच त्याचा ऑक्सिजन घसरू शकतो. म्हणून ती पहिली काही मिनिटं भरपूर ऑक्सिजन द्यायचा. हल्ली नायट्रस कमी वापरतात, पण गुंगी आणि वेदनाशामकं श्वास उथळ करतातच. ‘आईला गुदमरतंय’ म्हणून मास्क बाजूला करणारे प्रेमळ नातेवाईक मी पुष्कळ पाहिलेत. तसं करू नका, सिस्टरला हाक मारा. मास्क कधी काढायचा ते तिथल्या डॉक्टरांना ठरवू द्या.

बाकीचे प्रश्न चहा घेता घेता विचारा.