कपाट भरलेले, पासबुक कोरे

(भिलाई येथे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या महिलांपुढे केलेले भाषण)



बँकेतली बाई बोलायला उभी राहिली म्हणजे आता ही साड्या घेऊ नका म्हणून सांगणार, असे वाटले असेल. तसे काही नाही. साडी हौसेने घ्यावी. पण वय वाढते तशी आपली कपडे घेण्याची रीत बदलते आणि प्रत्येक वयात पैसा वेगळ्या वाटेने जातो. ती वाट ओळखली की बचत कुठून करायची, हेही कळते.

विशीतल्या मुलींपासून सुरुवात करू. चारशेचा टॉप, सहाशेची कुर्ती, मोबाईलवर सेल लागला की आणखी एक. एकेक वस्तू स्वस्त, म्हणून मनाला टोचत नाही. यूपीआयने पैसे दिले की पर्स हलकी झालेलीही जाणवत नाही. मुलींनो, तीन महिन्यांचा खातेउतारा काढा, कपड्यांच्या रकमांवर पेन्सिलने खूण करा आणि बेरीज करा. त्यातून महिन्याला 500 रुपये बाजूला निघाले तरी आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, सुरू होते. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आरडीचा 6.7 टक्के दर धरला, तर भरलेल्या 30,000 रुपयांचे सुमारे 35,680 रुपये होतात. दर बदलत असतात, म्हणून खाते उघडताना चालू दर विचारून घ्या.

तिशी-चाळिशीत खरेदी वाढते, पण ती स्वतःसाठी नसते. मुलांचे गणवेश दरवर्षी आखूड होतात. नणंदेला, जावेला, भाचीला द्यायचे असते. आपल्याकडे हरितालिका असते त्याच दिवशी छत्तीसगढी शेजारणींचा तीजा असतो. माहेरहून लेकीला लुगडे जायलाच हवे. त्यानंतर दसरा येतो, प्लांटचा बोनस हातात पडतो आणि सिव्हिक सेंटर, सुपेला, पॉवर हाउसच्या दुकानांत पाय ठेवायला जागा उरत नाही. हा खर्च अचानक येत नाही, तारखेने येतो. मग त्याची तयारीही तारखेनेच करावी. वर्षाचा देण्याघेण्याचा अंदाज 12,000 असेल, तर महिन्याला 1,000 वेगळे ठेवा. म्हणजे बोनसची रक्कम मोकळी राहते आणि तिची मुदत ठेव करता येते.

पन्नाशीत कपडे कमी आणि भारी होतात. घरात लग्न निघते, पैठणी हवी, चांप्याचा कोसा हवा. इथे एक साधा हिशेब करून पाहा. 900 रुपयांची कुर्ती साठ वेळा घातली, तर एका वेळेला 15 रुपये पडले. 15,000 ची साडी पाचदा नेसली, तर एका वेळेला 3,000. साडी घेऊ नका असा याचा अर्थ नाही. ती साठवलेल्या पैशांतून घ्या, उधारीवर नको. क्रेडिट कार्डावर 10,000 थकले आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के असेल, तर महिन्याला 350 रुपये नुसते व्याजाचे जातात. वर्षाचा दर 42 टक्के झाला. आणि ‘शून्य टक्के व्याज’ अशी पाटी दिसली, तर हे लक्षात ठेवा: शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, असे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावले आहे. व्याज कुठे प्रक्रिया शुल्कात असते, कुठे सोडलेल्या सवलतीत.

आता साठीच्या मावश्या. तुम्हाला सुती, हलके, धुवायला सोपे कपडे हवेत. खरेदी जवळजवळ थांबली, तरी कपाट ओसंडते, कारण प्रत्येक समारंभात साडी मिळते. पण पासबुक? काउंटरवर मी नेहमी पाहते, पीएफ, ग्रॅच्युइटी, ठेवी, सगळे काकांच्या नावावर. काकू फक्त नॉमिनी. नॉमिनीचे काम खातेदार गेल्यावर सुरू होते. काका आजारी पडले, सही करता येईना, तर त्याच पैशांतून औषधाला 5,000 काढणेही नॉमिनीला जमत नाही. नवरा साठीला निवृत्त होतो, क्वार्टर सोडायची वेळ येते, आणि नेमके तेव्हाच स्वतःच्या नावावर काही नसते. ज्या हाताने चाळीस वर्षे सगळ्या घराला कपडे घेतले, त्या हातात स्वतःचे हजार रुपये नसावेत, हे मला पटत नाही.

म्हणून या आठवड्यात तीन कामे करा. एक, घरातले मुख्य खाते दोघांच्या नावावर करा आणि ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ हा पर्याय लिहून द्या. दोन, फक्त तुमच्या नावाची एक आरडी उघडा, मग ती 500 ची का असेना. तीन, साठ पूर्ण झाली असतील, तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची चौकशी करा. ती 1,000 रुपयांपासून सुरू होते आणि व्याज दर तीन महिन्यांनी मिळते.

आणि लेकीसुनांना विनंती. यंदा आईला, सासूबाईंना साडी द्यायची असेल तर जरूर द्या, पण एखाद्या वर्षी तेवढीच रक्कम त्यांच्या खात्यात भरा आणि पासबुक छापून त्यांच्या हातात ठेवा. खाते नसेल, तर आधार, पॅन आणि दोन फोटो घेऊन त्यांच्यासोबत बँकेत या. फॉर्म आम्ही भरून देऊ.