शाळेच्या भिंतीवर सारस आणि समुद्र



आपल्या गोंदियाला समुद्र नाही.
पण गोंदियाचं पाणी समुद्रात जातं.

वाघ नदी वैनगंगेला मिळते.
वैनगंगा पुढे प्राणहिता होते,
प्राणहिता गोदावरीत जाते,
आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात.
तिच्या मुखाजवळ ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात.

म्हणून मुलांसोबत शाळेची भिंत रंगवणार असाल,
तर चित्र आपल्या तलावापासून सुरू करा,
आणि समुद्रातल्या कासवापर्यंत न्या.
आपलं पाणी तिथवर जातं,
हे मुलांना हातानं रंगवू द्या.

तलावाकाठी सारस पक्षी हवाच.
महाराष्ट्रात तो मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात उरला आहे.
आधी मुलांना परसवाड्याचा तलाव दाखवा.
सारस दिसला, तर लांबूनच पाहा.
अंग राखाडी,
डोकं आणि मानेचा वरचा भाग लाल,
पाय लांब, गुलाबी.
उंची माणसाएवढी!
भिंतीवर खऱ्या मापाचा काढा,
आणि शेजारी एखाद्या मुलाला उभं करा.
सारस धानाच्या बांधीतही घरटं करतो,
हेही चित्रात येऊ द्या.

खालचं पाणी आणि मासे लहानग्यांना द्या.
तिथं त्यांचा हात सहज पोचतो.

आणि एक विनंती.
रंगाचे ब्रश बादलीत धुवा,
तलावात नको.