लुटुपुटीची लढाई आणि खरी शस्त्रे

(ज्ञातिमंडळाच्या टेमघर येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या तरुण मंडळींनी पुढील शिवजयंतीस शिवकालीन लढाईचे प्रात्यक्षिक करून दाखविण्याचा संकल्प सोडला आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. त्यासाठी कार्यकारी मंडळापुढे खर्चाचा तक्ता आला आहे. चाळीस तलवारी, तितक्याच ढाली, दहा चिलखते, आठ दांडपट्टे, बारा धनुष्ये आणि भाते. हे सारे सामान नाटक-सिनेमांना पोशाख पुरविणाऱ्यांकडून आणावयाचे आहे. तरुणांच्या उत्साहाविषयी मला आदरच आहे. तथापि मत विचारण्यात आले आहे, तेव्हा ते स्पष्टपणे मांडणे भाग आहे. ही खरेदी मंडळाने तूर्त करू नये, असे मला वाटते. त्याची कारणे शस्त्रांच्या स्वरूपातच आहेत आणि आज मला त्या शस्त्रांविषयीच बोलावयाचे आहे.

प्रथम तलवार घेऊ. कीर्तनांतून आणि पोवाड्यांतून आपण अमक्या वीराची तलवार मणभर वजनाची होती असे ऐकत आलो. कीर्तनात ते शोभते. परंतु मणभराची तलवार घेऊन कोणी दोन हात सुद्धा करू शकणार नाही. संग्रहालयांतील हातघाईच्या तलवारी उचलून पाहणाऱ्यांना पहिला विस्मय वाटतो तो त्यांच्या हलकेपणाचा. साधारण तलवार सुमारे एक किलोग्रॅम भरते. तिचे सारे कौशल्य वजनाच्या वाटणीत आहे. मुठीकडे भार किती, पात्याच्या टोकाकडे किती, यावर ती हातात वळते की हाताला ओढते हे ठरते. दुकानातील नकली तलवार एक तर पत्र्याची, म्हणजे पिसासारखी असते, नाही तर जाड पोलादी पट्टी कापून केलेली, म्हणजे पहारीसारखी असते. दोन्हींच्या योगाने मुलाच्या हाताला खोटी सवय लागते आणि एकदा लागलेली सवय मोडणे हे नवे शिकण्याहून कठीण असते.

चिलखताची गोष्ट याहून मजेची आहे. मिरवणुकांतून आपण पाहतो ते चिलखत पुष्कळदा युरोपातील सरदारांच्या पत्र्याच्या अंगत्राणाची नक्कल असते, वर चांदीचा रंग दिलेला. आपल्याकडील खरे चिलखत कड्यांचे. लोखंडी तारेच्या प्रत्येक कडीची दोन्ही टोके चपटी करून, एकमेकांवर ठेवून, त्यांतून बारीक खिळा ठोकलेला असे. आणि प्रत्येक कडीत शेजारच्या चार कड्या गुंतविलेल्या असत. असा एक अंगरखा होण्यास हजारो कड्या लागत. कारागिराचे कित्येक महिने त्यात जात आणि त्याचे वजन दहा किलोच्या आसपास भरे. काही चिलखतांवर छाती, पाठ व दोन्ही कुशी यांवर चार पोलादी पट्ट बांधीत. त्यास फारसीत चार-आईना, म्हणजे चार आरसे, असे मोठे गोड नाव आहे. आज नकली चिलखत करणारे लोक कडीची टोके नुसती भिडवून सोडतात. त्या कडीवर भाल्याचे बोथट टोक जरी जोराने बसले तरी ती उघडते आणि उघडलेली कडी ही अंगात रुतणारी काडी होते.

इतके महाग वस्त्र सामान्य मावळ्याच्या अंगावर कोठून येणार? ते सरदाराचे आणि मानकऱ्याचे. अफझलखानाच्या भेटीच्या वेळी, १६५९ साली, महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता, ही कथा प्रसिद्धच आहे. पण त्यांच्यामागून जावळीच्या रानातून धावणाऱ्या माणसांच्या अंगी मुंडासे, कमरेचा शेला आणि फार तर जाड कापसाचा डगला एवढेच असणार. कापसाचा डगला या शब्दाला कोणी हसू नये. थरावर थर घालून दाट टाचलेले कापड तलवारीचा ओझरता वार पुष्कळ अंशी शोषून घेते, आणि हिंदुस्थानात सैनिक असे डगले शतकानुशतके वापरीत आले. मागांच्या खडखडाटात वाढलेल्या भिवंडीच्या मुलांनी बाहेरून पत्र्याची चिलखते विकत आणावीत आणि घरच्या कापडाचा विसर पाडावा, हे मला थोडे चमत्कारिक वाटते.

अंगावरचे लोखंड जसे वाचविते तसे दमवितेही. १६६१ च्या फेब्रुवारीत उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज कोंडली गेली, तेव्हा दाट झाडी, न हलणारा वारा आणि पाण्याचा तुटवडा यांनीच तिचे अर्धे बळ हरण केले होते. आपल्या मुलांनी हा प्रसंग उभा करावयाचा ठरविला, तर चकाकणाऱ्या पोशाखाची बाजू हरणारी असेल, एवढे ध्यानी ठेवावे.

आता दांडपट्टा. महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत त्यास राज्यशस्त्राचा मान दिल्यापासून प्रत्येक गावच्या मिरवणुकीत पट्टा दिसू लागला आहे. मान मिळाला हे चांगलेच झाले. परंतु हे शस्त्र साऱ्या शस्त्रांत कठीण आहे, हे मानाच्या भरात विसरता कामा नये. पट्ट्याची मूठ लोखंडी खोबणीच्या आत आडवी असते आणि खोबणी कोपरापर्यंत हात झाकते. याचा परिणाम असा की मनगट जखडले जाते. तलवार मनगटाने वळविता येते. पट्टा खांद्याने, कमरेने आणि पायांच्या फिरकीने वळवावा लागतो. म्हणून जुने वस्ताद शागिर्दाच्या हाती पट्टा देण्यापूर्वी त्याच्याकडून नुसते पवित्रे घोटून घेत. दुसरे असे की प्रात्यक्षिकांतील पट्ट्याचे पाते फार पातळ व लवलवते असते. लढाईतील पाती, विशेषतः फिरंगी पाती, त्याहून ताठ असत. लवलवते पाते पाहण्यास सुंदर, पण ते जेथे नेम धरला तेथेच थांबेल याची शाश्वती नसते. एका गावच्या मिरवणुकीत मी स्वतः पाहिले आहे: पट्टा फिरविणारा सोळा वर्षांचा मुलगा, त्याच्याभोवती हातभर अंतरावर गर्दी, पात्याचे टोक वळले आणि पुढच्या रांगेतील एका लहान मुलाच्या भुवईवर चिरले. अर्धा बोट खाली असते तर डोळा गेला असता. वाजंत्री क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. त्या मुलाच्या आईकडे कोणी पाहिले नाही.

यावर तरुण मंडळी विचारतील, मग आम्ही काहीच करू नये काय? अवश्य करावे, आणि कसे करावे हे आपल्याच पूर्वजांनी ठरवून ठेवले आहे. त्यांनाही तालमीत एकमेकांची डोकी फोडावयाची नव्हती. म्हणून त्यांनी फरी-गदगा काढला. गदगा म्हणजे कातड्याने मढविलेली काठी, ती तलवारीच्या ठिकाणी; आणि फरी म्हणजे लहानशी कातडी ढाल. भाल्याच्या शिक्षणासाठी बोथाटी होती, म्हणजे टोकाला गोळा असलेला बोथट भाला, घोड्यावरून खेळावयाचा. बडोद्याचे दत्तात्रेय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी मोठ्या कष्टाने अनेक खंडांत सिद्ध केलेल्या व्यायामज्ञानकोशात अशा मर्दानी खेळांची माहिती एकत्र केलेली आहे. कोल्हापूरच्या तालमींनी ही विद्या जिवंत ठेवली.

परदेशांतही हेच अनुभवाला आले. १९६६ साली अमेरिकेतील बर्कले येथे काही हौशी मंडळींनी मध्ययुगीन युद्धखेळांची एक संस्था काढली. तिच्या सभासदांनी लोखंडी तलवारी सोडून वेताच्या जाड काठ्या पत्करल्या. अंगावर मात्र खरे चिलखत आणि शिरस्त्राण सक्तीचे केले. आमचा गदगा आणि त्यांचा वेत ही सख्खी भावंडे आहेत. इंग्लंडात १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईचे आणि पोलंडात १४१० च्या ग्रुनवाल्डच्या लढाईचे प्रात्यक्षिक हजारो लोक पाहतात. तेथे पोलादी तलवारी वापरतात, पण धार बोथट, टोक गोल, आणि कोठे मारावयाचे नाही याचे कडक नियम.

या नियमांतच लुटुपुटीच्या लढाईचे एक अपुरेपण दडलेले आहे. १३६१ साली स्वीडनच्या गॉटलंड बेटावर व्हिस्बी गावाबाहेर लढाई झाली. तेथील मृतांची सामुदायिक थडगी विसाव्या शतकात उकरली गेली. हजाराहून अधिक सांगाडे निघाले आणि त्यांतील कितीतरी पायांच्या हाडांवर वारांच्या खुणा होत्या. ढाल आणि चिलखत धड झाकीत, म्हणून वार खाली उतरत. खेळात आपण गुडघ्याखाली मारू देणार नाही, तोंडावर तर मुळीच नाही. म्हणजे खरी लढाई जशी होती तशी आपण दाखवूच शकत नाही आणि दाखवूही नये. जे दाखविता येईल ते एवढेच: शस्त्र धरण्याची रीत, पवित्रा, वाराला उत्तर देण्याची समज, आणि दोन माणसांनी एकमेकांवर टाकलेला विश्वास. हे शिकण्यास दोन वर्षे लागतात. भाड्याच्या पोशाखाला दोन दिवस पुरतात.

धनुष्याबद्दल थोडक्यातच सांगतो. मोगली धनुष्य शिंग, लाकूड आणि जनावरांच्या स्नायूंचे तंतू सरसाने जोडून केलेले असे. सरस दमट हवेत ढिला पडतो. कोकणच्या पावसाळ्यात अशा धनुष्याची काय दशा होत असेल याची कल्पना करावी. सतराव्या शतकात तिरंदाज होतेच. पण तोड्याची बंदूकही पुष्कळ पसरली होती. आपल्या ठाणे जिल्ह्यात धनुष्याची जिवंत परंपरा पाहावयाची तर ती आदिवासी बांधवांच्या बांबूच्या तिरकमठ्यात. प्रात्यक्षिकात माणसांच्या दिशेने बाण सोडू नयेत, असे माझे ठाम मत आहे. परदेशांत रबराची बोथट टोके लावतात आणि कमी ताणाची धनुष्ये घेतात, तरी डोळ्यांवर जाळीचा टोप असल्यावाचून कोणास मैदानात येऊ देत नाहीत. आपण निशाणावर नेमबाजी दाखवावी. तीही लोकांना मागे सारून, दोरी बांधून.

प्रसंग कोणता निवडावा, यावरही बोलले पाहिजे. तक्त्यात ‘कल्याण-भिवंडीचा विजय’ असे लिहिले आहे. १६५७ साली ही दोन्ही शहरे स्वराज्यात आली, तेव्हा हा विषय आपल्या दारचाच. पण या घटनेचे मोल तलवारींच्या खणखणाटात नाही. टेमघरहून कल्याणच्या वाटेने निघालो की खाडीच्या पुलाशी दुर्गाडी दिसते. त्या खाडीने महाराजांना समुद्र दिला. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रांत कल्याण, भिवंडी आणि पनवेल येथे गलबते बांधली जात असल्याचा उल्लेख आहे. मला विचाराल तर मी त्या मैदानावर वीस तलवारबाजांऐवजी चार सुतार उभे करीन, हाती तासणी देऊन, आणि एका होडीची फासळी बसविताना दाखवीन. तरुणांना हे पसंत पडणार नाही, हे मी जाणून आहे. अध्यक्षमहाराजही हसत आहेत.

सुतारांचा विषय निघालाच आहे, तेव्हा ज्ञातीच्या व्यासपीठावरून एक गोष्ट बोलतो. प्रत्येक ज्ञातीच्या स्मरणिकेत आपापल्या वीरांची नामावळी असते आणि असावीही. परंतु एका तलवारीचा हिशेब करून पाहा. पाते लोहाराचे, धार शिकलगाराची, म्यान जिनगराचे, ढालीचे कातडे कमावले चर्मकाराने. प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा वार अडविणारे जिवा महाला नाभिक समाजाचे. पुण्यात दांडपट्टा शिकविणारे लहुजी वस्ताद साळवे, ज्यांच्या आखाड्यात जोतीराव फुले शिकले, ते मातंग समाजाचे. आपल्या आखाड्यात वस्ताद आणावयाचा झाला तर तो कोणत्या ज्ञातीचा हे कार्यकारी मंडळाने विचारू नये. आणि शिकण्यास शेजारच्या आळीतील मुले आली तर त्यांना परत पाठवू नये. मुलींनाही घ्यावे. गेल्या बैठकीत यावर कुजबूज झाली, म्हणून मुद्दाम बोललो.

कायद्याचेही पाहिले पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये नऊ इंचांहून लांब पात्याची धारदार शस्त्रे नियमांच्या कक्षेत येतात. शिवाय सणासुदीला पोलीस शस्त्रबंदीचे हुकूम काढतात. तेव्हा मिरवणुकीआधी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन परवानगी घ्यावी. तोंडी होकारावर विसंबू नये.

म्हणून माझी सूचना अशी. तक्त्यातील रकमेतून पहिल्या वर्षी वीस गदगे, वीस फऱ्या आणि जाळीचे टोप घ्यावेत, आणि उरलेली रक्कम वस्तादांच्या मानधनासाठी ठेवावी. डगले घरोघरच्या कापडाचे शिवावेत. ते काम भगिनीमंडळाने पत्करले तर त्याचा मोबदला द्यावा, फुकटात करवून घेऊ नये.

शेवटी ज्यांच्या घरी जुन्या तलवारी वा कट्यारी आहेत आणि ज्या खंडेनवमीला पुजल्या जातात, त्यांस विनंती. त्या विटकरीच्या पुडीने, चिंचेने वा लिंबाने घासू नका. त्या चकाकीच्या हौसेपायी पात्यावरील अक्षरे आणि मुठीवरील सोन्याची नक्षी कायमची जाते. कोरड्या मऊ फडक्याने पुसून हलक्या तेलाचा हात फिरवावा आणि शस्त्र कातडी म्यानात कोंडून न ठेवता बाहेर कोरड्या जागी ठेवावे. शस्त्राची लांबी, पात्यावर काही कोरलेले असल्यास ते, आणि घरात त्याविषयी सांगितली जाणारी हकीकत कागदावर लिहून चिटणिसांकडे द्यावी. खुद्द शस्त्र मात्र सभेला आणू नये.