निर्णयाचा अधिकार कोणाचा?

(सावदा येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सावद्याच्या शेजारी, फैजपूरला, डिसेंबर 1936 मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिले अधिवेशन. त्याचे स्मरण या परिसरात अभिमानाने केले जाते. परंतु त्याच्याशी निगडित दोन माणसांच्या पुढील आयुष्याने जो प्रश्न उभा केला, त्याचे स्मरण क्वचितच होते. त्यांतले एक साने गुरुजी, दुसरे मानवेंद्रनाथ रॉय. गुरुजींनी अधिवेशनासाठी खानदेशात अपार कष्ट घेतले. रॉय महिन्यापूर्वीच तुरुंगातून सुटून तेथे आले होते. गुरुजी श्रद्धावान, रॉय निरीश्वरवादी. तरीही दोघांना एकाच प्रश्नाशी झुंजावे लागले: माणसाने कसे वागावे, याचा अंतिम निर्णय कोणी करायचा?

मुक्ताईची पालखी याच मुलखातून पंढरपूरला जाते. ज्या पंथाने भक्तीला जात नाही असे शतकानुशतके सांगितले, त्या पंथाच्या दैवताचे दार अस्पृश्यांना बंद होते. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आणि त्यांचे अभंग मात्र सर्वांच्या मुखी, ही विसंगती रूढीने पचवली होती. ती गुरुजींना पचली नाही. महाराष्ट्रभर दौरा करून 1 मे 1947 रोजी त्यांनी पंढरपुरात उपोषण आरंभिले. त्या काळात एक विलक्षण गोष्ट घडली. गांधीजींपर्यंत चुकीची माहिती पोहोचली होती. त्यांनी उपोषण सोडण्यास तारेने कळविले. गुरुजींची गांधीजींवरील निष्ठा सर्वश्रुत आहे. तरीही त्यांनी उपोषण सोडले नाही. बडव्यांचे शास्त्र त्यांनी मानले नाही हे समजण्याजोगे आहे. पण परमपूज्य माणसाचा शब्दही त्यांनी स्वतःच्या विवेकावर पारखून घेतला. अखेर मंदिर खुले झाले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सहृदय माणसाने दुसऱ्यासाठी दार उघडणे आणि त्या दुसऱ्याने स्वतःचा मार्ग ठरविणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉ. आंबेडकरांनी 1935 मध्ये येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि 1956 मध्ये नागपूरला ती कृतीत आणली. मधली 21 वर्षे त्यांनी अभ्यासात आणि चिंतनात घालविली. धर्म जन्माने मिळतो, हा समज त्या निर्णयाने मोडला. धर्मसुद्धा माणसाने विचारपूर्वक निवडायचा असतो, हे त्यातून सिद्ध झाले. आज धर्माचे रूपांतर संख्येच्या राजकारणात करणाऱ्यांना गुरुजींची श्रद्धाही नको असते आणि बाबासाहेबांचे चिंतनही नको असते. त्यांना हवी असते ती केवळ हजेरी.

रॉय यांचा अनुभव दुसऱ्या टोकाचा. आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट चळवळीच्या अग्रणींत त्यांची गणना होत असे; 1929 मध्ये त्यांना तेथून बाहेर काढण्यात आले. इतिहासाच्या नियमांच्या नावाने पक्ष माणसाच्या विवेकाची जागा घेऊ लागला की मुक्तीचे साधनच बंधन होते, हा निष्कर्ष त्यांनी पुढे नवमानवतावादात मांडला आणि 1948 मध्ये स्वतःचा पक्षही विसर्जित केला. हा शेवटचा उपाय समाजवादी कार्यकर्त्यास पटेलच असे नाही. संघटनेवाचून दुबळ्याला बळ येत नाही. परंतु रॉय यांनी दाखविलेले दुखणे खरे होते, आणि ते आपल्या घरातही होऊ शकते.

आता केळीच्या बागेकडे वळू. सावदा आणि रावेरच्या स्थानकांवरून केळीच्या वॅगनी वर्षानुवर्षे उत्तरेकडे गेल्या. घड तयार झाला की तो थांबत नाही. शेतकऱ्याला मात्र थांबावे लागते, कधी व्यापाऱ्यासाठी, कधी गाडीसाठी. जाहीर भाव एक आणि हातात पडणारा दुसरा, ही येथील जुनी तक्रार. बाजारवादी अर्थशास्त्र म्हणते, भाव हा मागणी-पुरवठ्याचा नियम आहे, त्यात नीती-अनीतीचा प्रश्न नाही. हे अर्धसत्य आहे. ज्याचा माल नासतो आणि ज्याला वाट पाहता येते, त्या दोघांतील सौदा समबलांचा नसतो. साठवण, वाहतूक, कर्ज आणि सहकार यांची व्यवस्था बदलली की तोच ‘नियम’ वेगळा भाव देतो. म्हणजे भावामागे माणसांचे निर्णय असतात आणि त्यांची जबाबदारीही माणसांवरच येते.

पण हा युक्तिवाद बांधावर येऊन थांबता कामा नये. व्यापाऱ्यासमोर ‘बाजारभाव अन्याय्य आहे’ म्हणणारा बागायतदार, घड वाहणाऱ्या मजुरासमोर आणि निंदणी करणाऱ्या बाईसमोर ‘मजुरीचा चालू दर हाच’ असे सांगतो. तेव्हा तोच नियम त्याला सोयीचा वाटतो. फैजपूरच्या शेतीविषयक कार्यक्रमात कूळ आणि कर्जदार यांच्याबरोबर शेतमजुराच्या निर्वाहवेतनाचाही उल्लेख होता. तो ठराव करणाऱ्यांना हे ठाऊक होते की रिकाम्या पोटी स्वयंनिर्णयाचा हक्क कागदावरच राहतो.

धर्म ‘परंपरा’ म्हणतो, बाजार ‘नियम’ म्हणतो, पक्ष ‘शिस्त’ म्हणतो. तिन्ही शब्द सर्वस्वी खोटे नाहीत. परंपरेत करुणा आहे, हिशेबात वास्तव आहे, शिस्तीत बळ आहे. अपराध घडतो तो या शब्दांच्या आड माणूस स्वतःची जबाबदारी लपवितो तेव्हा.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे दोन साधी कामे आहेत. केळीच्या भावासाठी सभा भरेल तेव्हा विषयपत्रिकेवर मजुरीचा दर त्याच दिवशी घ्यावा, आणि त्या चर्चेत मजुरांना, विशेषतः मजूर स्त्रियांना, बोलण्यास बसवावे. गावात जातीच्या किंवा धर्माच्या नावाने एखाद्या घराशी व्यवहार तोडण्याची भाषा निघाली, तर पक्षाच्या आदेशाची वाट न पाहता त्या घराच्या ओट्यावर जाऊन बसावे. पंढरपुरात गुरुजींनीही कोणाच्या अनुज्ञेची वाट पाहिली नव्हती.