चित्र पाहावे कसे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मरुदानल्लूर येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



कुंभकोणमनजीकचे हे मरुदानल्लूर सद्गुरुस्वामींचे गाव. तंजावरावर भोसल्यांचे राज्य असताना, अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी, त्यांनी दक्षिणेतील नामसंकीर्तनाला रीतसर क्रम घालून दिला. त्या परंपरेत तेलुगू, संस्कृत व तमिळ पदांच्या शेजारी मराठी अभंगही गाइले जातात. भजनाच्या वेळी समोर पुष्कळदा तंजावरी चित्र असते. त्या चित्राकडे कसे पाहावे, हा आजचा विषय. आरंभ मात्र आम्ही इजिप्तपासून करणार आहोत. कारण घरातील वस्तू नीट दिसण्यासाठी कधीकधी परक्याच्या घरी जाऊन यावे लागते.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये नेबामून नावाच्या गृहस्थाच्या थडग्यातील भिंतीचित्रे आहेत. ख्रिस्तपूर्व 1350 च्या सुमारास, थीब्ज नगरीत, तो देवस्थानच्या धान्याचा हिशेब ठेवी. एका चित्रात तो होडीत उभा राहून पाखरांची शिकार करीत आहे. त्याचे तोंड बाजूने दिसते, पण डोळा समोरून. खांदे समोरून, पाय पुन्हा बाजूने. पत्नी त्याच्याहून लहान, मुलगी तर पायांपाशी इवलीशी. शिकारीला आलेली पत्नी लग्नकार्यास निघाल्यासारखी नटलेली! प्रथमदर्शनी वाटते, या चितार्‍याला प्रमाण ठाऊक नव्हते.

वस्तुतः त्याला सारे ठाऊक होते. एका ठिकाणी उभे राहून जेवढे दिसते तेवढेच काढणे, हा त्याचा हेतूच नव्हता. शरीराचा प्रत्येक अवयव ज्या बाजूने पुरता ओळखू येतो, त्या बाजूने तो काढी. आकार लांबीरुंदीने ठरत नसे, मानाने ठरे. शेजारच्या चित्रलिपीतील मजकूर हाही चित्राचाच भाग. हे चित्र थडग्याच्या ज्या दालनात होते, तेथे आप्तेष्ट नैवेद्य घेऊन येत. गेलेल्या माणसाला परलोकी काही उणे पडू नये, म्हणून ही सारी व्यवस्था. त्याच चित्रात पाखरे धरणारे एक मांजर आहे आणि त्याच्या डोळ्यात सोन्याचा वर्ख आहे. खर्‍या मांजराच्या डोळ्यात सोने नसते; तेव्हा ही नुसती शिकारीची हकीकत नव्हे, एवढे ते सोने सांगून जाते.

म्हणून आमचे सांगणे असे की, जुन्या चित्रापुढे उभे राहताना ‘हुबेहूब आहे का?’ हा प्रश्न बाजूला ठेवावा. हे कशासाठी काढले, मोठे कोण, आणि यासमोर बसून लोक काय करीत, हे तीन प्रश्न विचारावेत.

आता हेच प्रश्न घेऊन आपल्या देवघरात येऊ. तंजावरी चित्राला तमिळमध्ये ‘पलगै पडम’, म्हणजे फळीवरचे चित्र, म्हणतात. लाकडी फळीवर कापड चिकटवायचे, त्यावर खडूची पूड व डिंक यांचा लेप द्यायचा, दागिने व महिरप उठावदार करून त्यांवर सोन्याचा वर्ख लावायचा, काचा व खडे बसवायचे. ही कला 1676 ते 1855 या मराठा राजवटीत, विशेषतः दुसर्‍या सरफोजीराजांच्या काळात, बहरली. तीत लोणी हाती घेतलेला बाळकृष्ण सर्वांत मोठा असतो आणि भोवतालची वडीलधारी माणसे लहान. लहानपणी आम्ही आजीला म्हणालो होतो, ‘‘चितार्‍याला काढताच येत नव्हते. आईपेक्षा मूल कधी मोठे असते का?’’ आजी एवढेच म्हणाली, ‘‘या घरात मोठा कोण, ते तूच सांग.’’ तिने इजिप्तचे नावही ऐकले नसेल. पण चित्र तिला वाचता येत होते.

आम्हांला मात्र ते उशिरा कळले. आजीच्या मागे चित्र काळवंडले, म्हणून आम्ही ते एका कारागिराकडे ‘नवे’ करावयास दिले. त्याने आमच्या सांगण्याबरहुकूम गालांवर छाया घातली, डोळे कॅलेंडरातल्यासारखे केले, वर्ख झळझळीत लावला. दोष त्याचा नव्हता. मागणी आमची होती. त्या संध्याकाळी समई लावली. पूर्वी जुन्या वर्खावर ज्योत हलली की देव हलल्यासारखा वाटे. आता सारे एकसारखे चकाकत होते, आणि आजी ज्या मुखाकडे पाहून रोज नाव घेई ते मुख तेथे नव्हते. ते आता कोणालाही परत आणता येणार नाही.

दोन्ही देशांत भेद आहेच. नेबामूनचे चित्र गेलेल्याच्या स्मरणासाठी, आपले दर्शनासाठी. पण दोन्ही चित्रे समोर माणूस येऊन बसेल या भरवशावर काढलेली आहेत. नेबामूनकडे येणारे आप्त कधीच संपले. आता येतात ते प्रेक्षक. आपल्याकडे अजून आप्त आहेत. मरुदानल्लूरच्या परंपरेत दिव्यनामाच्या वेळी मधोमध दीप ठेवून त्याभोवती नाम घेत फेर धरतात. तो फेर पाहिला, म्हणजे हे सोने कोणत्या उजेडासाठी लावले ते सांगावे लागत नाही.

तेव्हा प्रत्येक कुटुंबाला एक विनंती. माळ्यावर असे चित्र असेल तर खाली काढा. ओल्या फडक्याने पुसू नका. खडूचा लेप पाण्याने सुटतो. नवा रंग देऊ नका. चित्रात कोण आहे, ते कोणाच्या देवघरात होते, कोणत्या सणाला त्यापुढे काय होई, हे मराठीत लिहून ठेवा. मग वीज मालवा, समई लावा आणि नातवंडांना समोर बसवा. त्यांनी ‘हा एवढा मोठा का?’ असे विचारले, तर हसू नका. तो प्रश्न विचारला गेला, म्हणजे पाहणे सुरू झाले.